मास्तरांचा क्लॅरिनेट

कृपादान त्रिभुवनाने सायकल भिंतीला लावली नाही, चौकीसमोर आडवीच टाकली.

"हवालदार, मास्तरांचा क्लारनेट गेला! चोरीला गेला!"

हवालदार गोरक्षनाथ आव्हाड गालात लवंग धरून बसले होते. दाढेने रात्रभर त्यांचा जीव घेतला होता. तरी त्यांनी पहिला प्रश्न नेमका विचारला.

"गाडी कितीची?"

"दुपारी तीनची. उद्या सकाळी पुन्यात रेडिओची परीक्षा. आन् वाद्यच न्हाई!"

ही परीक्षा ठाऊक नसलेला माणूस श्रीरामपुरात मुद्दाम शोधावा लागला असता. योहान पठारे दोन वर्षांपूर्वी बँडपार्टी सोडून एकटा वाजवायला लागला. वरातीपुढे नाही, तर चटईवर बसून, लोकांनी गप्प राहून ऐकावं म्हणून. बँडवाल्याला हे कुठलं खूळ, असं गाव आधी म्हणालं. मग दर रविवारी चर्चमधली उपासना सुटली की वीस-पंचवीस माणसं त्याच्या खोलीसमोर बसू लागली.

त्यात पहिला कृपादान. रेल्वेत पॉइंट्समन, आणि मास्तरांचा भक्त. गेल्या साली दुष्काळात योहान सहा महिने मुंबईला जाऊन सिनेमाच्या गाण्यांत वाजवून आला म्हणे, तेव्हापासून कृपादानचे पाय जमिनीवर नव्हते. रेडिओला अर्ज त्यानेच धाडला. बोलावणं आलं तेव्हा चर्चसमोर पेढेही त्यानेच वाटले.

आव्हाड त्याच्यासोबत निघाले.

योहानची खोली एका खिडकीची होती. भिंतीवर क्रूस, त्याच्या शेजारच्या खिळ्याला एक लहान काठी, आणि काठीच्या टोकाला बांधलेली सायकलच्या टायरची कडी. जमिनीवर क्लॅरिनेटची रिकामी पेटी उघडी पडली होती. योहान भिंतीला टेकून अंथरुणाच्या वळकटीवर बसला होता.

"कधी कळलं?" आव्हाडांनी विचारलं.

"पहाटे कालव्यावर गेलतो आंघोळीला. आलो, कुलूप काढलं, तर पेटी रिकामी."

"कुलूप तुटलं नव्हतं?"

"न्हाई."

"किल्ल्या किती?"

"दोन," योहान म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याचा चेहरा उतरला. "एक माझ्याकडं."

"अन् दुसरी?"

दुसरी कृपादानच्या कमरेला लटकत होती. त्याने ती स्वतःच काढून दाखवली. तिच्यात काही वावगं आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तेवढ्यात फौजदार आले. योहान जागचा उठला नाही. धक्का बसलेल्या माणसाला ऊठ कोण म्हणणार? फौजदारांना मात्र विचार करायला फार वेळ लागत नसे. कुलूप शाबूत आणि दुसरी किल्ली ह्याच्याकडे, म्हणजे चोर हाच. दहा वाजता कृपादान गजाआड होता आणि दोन शिपाई त्याच्या क्वार्टरमधले डबे उपसत होते.

"तीन वाजेपर्यंत माल मिळाला नाही तर अटकेचे कागद करतो," फौजदार म्हणाले.

कागद झाले की रेल्वे कृपादानला घरी बसवणार, हे चौकीत सगळ्यांना ठाऊक होतं. आव्हाडांना चीड आली. चोर कधी सायकल आपटत पहिल्यांदा पोलिसांकडे येतो होय?

ते गजांशी जाऊन उभे राहिले. आत कृपादान गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"मास्तरांनी परीक्षेला जाऊ नये असं कुणाला वाटतं?"

"कुनालाच न्हाई. आप्पासाहेब बँडवाले रागावले हुते, पन तेबी परवा म्हनले, आपल्या पार्टीतला मानूस रेडिओवर येनार."

"मास्तर सध्या वाजवतात कसं?"

कृपादानचा चेहरा तसल्या जागीही फुलला. "मुंबईहून आल्यापासून निराळंच! लई सावकाश, खालच्या सुरात. वर जातच न्हाईत. तिकडं आता असंच चालतंय म्हनले."

"आणि ती भिंतीवरची टायरची कडी?"

"तीबी मुंबईचीच हाय. कशाची म्हनून इचारलं तर हसले नुसते."

आव्हाडांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. दुष्काळात त्यांनी जामखेडकडे चार महिने बंदोबस्त केला होता.

"हवालदार," कृपादान एकदम उठला, "कुनाचा तरी क्लारनेट मागून आना! मास्तरांचा माउथपीस हाय की. तोंडात धरायचा तुकडा वो. तो पेटीत कधीच नसतो. वाजवून झालं की रुमालात गुंडाळून आतल्या खिशात, निजताना उशाशी. लाकूड कुनाचंबी चालंल, माउथपीस आपला पायजे. गाडी घावंल अजून!"

स्वतः गजाआड, आणि काळजी मास्तरांच्या गाडीची. आव्हाडांना गहिवरल्यासारखं झालं. पोलिसाने गहिवरू नये म्हणून ते खाकरले आणि बाहेर पडले.

आप्पासाहेबांनी एका शब्दावर आपल्या पार्टीतला क्लॅरिनेट काढून दिला. तो काखेत मारून आव्हाड योहानच्या वाड्यात शिरले. बाहेर रतनबाई भांडी घासत होती. योहानचं जेवण तिच्याकडे होतं.

"काय खाल्लं मास्तरांनी?"

"काय खानार? चहात भाकरी कुस्करून. आज न्हाई, चार म्हैनं झालं. पयले कांदा बुक्कीनं फोडून कराकरा खायचे. मुंबईचं पानी बाधलं म्हनायचं."

योहान अजून वळकटीवरच बसला होता. रतनबाईने त्याला चहा दिला. त्याने बशी ओठांच्या डाव्या कोपऱ्याला लावून चहा हळूच ओढला. आव्हाडांनी ते बघितलं. आठ दिवस तेही तसाच चहा पीत होते.

"हा घ्या क्लारनेट," आव्हाड म्हणाले. "एक वाजलाय. तीनची गाडी मिळेल."

योहानचा हात पुढे आला आणि थांबला. खोलीला दुसरं दार असतं तर तो पळाला असता, असं त्याचे डोळे सांगत होते.

"माउथपीस न्हाई. दुसऱ्याच्या माउथपीसवर परीक्षा देता येत न्हाई."

"तुमचा कुठे गेला?"

"पेटीतच हुता. त्योबी नेला चोरानं."

आव्हाड उठले. दारातून शिपायाला हाक मारून त्यांनी काहीतरी सांगितलं. अर्ध्या तासाने शिपाई कृपादानला घेऊन आला. कृपादानच्या हातात बेडी होती. योहानने मान खाली घातली.

"मास्तर, आता उठा," आव्हाड म्हणाले.

योहान उठला नाही.

"सकाळी फौजदार आले, तुम्ही बसून. आता तुमचा माणूस बेडीत आला, तरी बसून. ज्याची चोरी झाली त्याच्या खोलीची झडती कुणी घेत नाही, म्हणून वाचलात. त्या वळकटीत काय आहे?"

मग योहान बाजूला सरकला. आव्हाडांनी वळकटी सोडली. आत जुन्या शालीत क्लॅरिनेट होता, चाव्यांना तेल लावून नीट पुसलेला. त्याच्याजवळच रुमाल, आणि रुमालात माउथपीस.

"मास्तर...?" कृपादान पुटपुटला.

"मुंबईला हे गेलेच नाहीत," आव्हाड कृपादानकडे वळून म्हणाले. "दुष्काळात वाजवण्यावर पोट कुठलं भरणार? हे दुष्काळी कामावर गेले, खडी फोडायला. ती टायरची कडी जामखेडकडे हजारो हातांत बघितलीय मी. खडी फोडताना दगड त्या कडीत धरतात, म्हणजे हातोडी बोटांवर बसत नाही. बोटं वाचली. पण कपची उडते ती तोंडावर. समोरच्या दातांवर बसली. भाकरी भिजवून खाणं, चहा कोपऱ्यातून पिणं, दातवाला माणूस असं करत नाही. आणि माउथपीस वरच्या दातांनीच धरायचा असतो ना, मास्तर? वरचा सूर लावायला गेलात की दात सरकतो आणि वाद्य चिरकतं. म्हणून ती खालच्या सुरांची मुंबई."

योहानने ओठ वर केला. दोन दात काळे पडले होते. एकाला त्याने बोट लावलं, तो हलला.

"उद्या पुन्यात सगळं उघडं पडलं असतं," तो म्हणाला. "न्हाई जात म्हनायची सोय न्हवती. अर्ज झाला, पेढे झाले. कुनी कालव्यावर भेटला तरी इचारायचा, मास्तर, कधी निघनार? म्हनलं, वाद्यच गेलं तर कुनी दोष देनार न्हाई. किल्लीचं ध्यानातच न्हाई आलं, हवालदार. दोन म्हनून गेलो आन् मग तोंड उघडंना."

"खरी चूक माउथपीसची," आव्हाड म्हणाले. "तो पेटीत कधीच नसतो, हे तुमच्या ह्या माणसाला पाठ आहे. तुम्हाला गाडी मिळावी म्हणून त्यानेच मला सांगितलं."

त्यांनी बेडी काढली. घरातली वस्तू घरातच सापडली, असं फौजदारांना सांगता येणार होतं. फौजदार चिडले तर चिडोत.

कृपादान मनगट चोळत उभा राहिला. रडला नाही, ओरडलाही नाही.

"खडीचं सांगितलं असतं तर मी रजा टाकून टोपल्या उचलाया आलो असतो," तो म्हणाला. "त्येचं काय न्हाई. सकाळपासून गजाआड हुतो. वाटलं, मास्तर आता येतील आन् म्हंतील, ह्यो माझा मानूस हाय, सोडा ह्याला."

"निघालो हुतो. दोनदा."

"चौकी लांब न्हाई मास्तर."

योहानने क्लॅरिनेट पुन्हा शालीत गुंडाळला. कृपादान दाराकडे गेला आणि पाठमोराच थांबला.

"रविवारी लोक येतील. त्यांना काय सांगू?" योहानने विचारलं.

"खरं हाय ते. आन् ते तुमीच सांगायचं, मी न्हाई सांगनार." मग तो वळला. "पन सांगताना शेजारी बसंन. तुमी मला एकट्याला बसवलंत. मी तुमाला तसं बसवनार न्हाई."