काजव्याला मरू द्या

पाटोळेबाईंच्या पत्राला शिरीष तारळेकरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र उन्हाळ्यात आलं होतं आणि आता दिवाळीची सुट्टी संपत आली होती.

बाई तासगावच्या एका शाळेत खो-खो शिकवायच्या. त्यांनी लिहिलं होतं: 'पाठलाग करणारी जवळ आली की माझ्या मुली पळायच्या थांबतात. डोळे मिटतात आणि जोरजोराने श्वास घेतात. आधी मला वाटलं, दम लागत असेल. मग लक्षात आलं, मागची हळू होईल याची त्या वाट बघतात. मागच्या आठवड्यात आमची शाहीन मुल्लाणी भर बाजाररस्त्यात तशीच उभी राहिली. समोरून टेम्पो येत होता. पायावर निभावलं. दवाखान्यात मी विचारलं, अगं, पळाली का नाहीस? तर म्हणाली, बाई, मी श्वास घेतला होता की. ती दोन वर्षं सारखी "काजवा" खेळतेय. त्या खेळावर आपलं नाव आहे, म्हणून आपल्यालाच विचारते. तिला आता मी काय सांगू?'

'काजवा' तारळेकरांनी पंचविशीत लिहिला होता, मिरजेतल्या एका संगणकवर्गाच्या मागच्या खोलीत बसून. अंधाऱ्या गुहेत एक काजवा, मागे वटवाघूळ. काजव्याने उडी मारली की त्याचा उजेड थोडा कमी व्हायचा. वटवाघळाने गाठलं की काजवा मरायचा आणि खेळ पहिल्यापासून. पुढे पुण्यातल्या एका कंपनीने तो विकत घेतला, नव्याने रंगवला आणि त्यात 'सावरणी' बसवली.

सावरणी आता सगळ्याच खेळांत होती. मनगटावरची पट्टी नाडी आणि श्वास मोजायची. खेळणारा घाबरला, खचला, असं दिसलं की खेळ आपोआप सौम्य व्हायचा. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या फोनवर तर सावरणीशिवायचा खेळ सुरूच व्हायचा नाही. नियमच होता तसा. मुलं रडायची थांबली, पालक खूश झाले. तारळेकरांनाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पडद्यावर 'मूळ रचना: शिरीष तारळेकर' अशी ओळ यायची. ती पाहून त्यांना बरं वाटायचं.

बाईंचा काहीतरी गैरसमज होतोय, असं त्यांना वाटलं होतं. खेळ म्हणजे खेळ, त्याने कुणी रस्त्यात उभं राहतं का? पण तसं लिहायचं तर आधी स्वतः पाहायला हवं, म्हणून एका सकाळी त्यांनी पट्टी बांधली आणि नवा 'काजवा' उघडला.

वर्षाताई समोरच मेथी निवडत बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली.

"अहो, धाप का लागलीय तुम्हाला? सकाळची गोळी घेतली ना?"

"घेतली. मला काही होत नाहीये."

"मग भाता कसला चाललाय हा?"

तारळेकरांनी खेळ थांबवला. छाती खरंच वरखाली होत होती. पडद्यावर वटवाघूळ काजव्यापासून चार हात अंतरावर, अदबीने, पंख आवरून थांबलं होतं. असा श्वास घ्यायचा, असं त्यांनी ठरवलेलं नव्हतं. त्यांच्या अंगानेच ते शोधून काढलं होतं: उडी चुकली तरी चालते, धाप लागली की संकट मागे सरतं. ज्या माणसाने त्या वटवाघळाला एकेक पंख हलवायला शिकवलं होतं, तो एका सकाळीत फसला होता. शाहीन तर दोन वर्षं खेळत होती.

त्यांना असा संताप आला, की त्यांनी पट्टी काढून मेथीच्या देठांत फेकली.

काय वाईट होतं त्या जुन्या खेळांत? फोनमधला तो लांबत जाणारा साप. भिंतीला डोकं आपटलं की संपला. वरून पडणारे ठोकळे. नीट रचले नाहीत तर वर छतापर्यंत ढीग, आणि खेळ खलास. ते खेळ कुणाचं मन राखत नव्हते, पण खोटंही बोलत नव्हते. आणि हे नवे? गोड बोलून मुलांच्या अंगात खोटं जग भरतात!

त्याच तिरमिरीत त्यांनी कंपनीच्या मल्हार गद्रेला फोन लावला. खेळ मल्हारच्याच हाताखाली तयार झाला होता.

"काका, अपघात झाला हे वाईटच झालं," मल्हार म्हणाला. "पण त्याचा खेळाशी संबंध आहे, हे कुणी सिद्ध केलंय?"

"मी केलंय. स्वतःवर."

"तुमचं वय, काका... धाप लागायचीच."

"माझं वय काढू नकोस. तुमची यंत्रणा मुलांना वाचते म्हणता ना? मुलांनीही तिला वाचलं. उडी शिकायची गरज नाही, घाबरल्याचं सोंग केलं की भागतं, हे त्यांनी ओळखलं. हुशार आहेत ती. जग चुकीचं दिलंत तुम्ही!"

"तुमच्या जुन्या खेळात निम्मे लोक दहा मिनिटांत उठून जायचे, काका. आता कुणी उठत नाही. हवं तर तुमचं नाव काढतो, करारात सोय आहे."

तारळेकरांनी फोन ठेवून दिला. नाव काढून त्या मुलीचा पाय सरळ होणार आहे का, हे वाक्य त्यानंतर आठवलं. त्यांचं नेहमी असंच व्हायचं.

मग नेहमीच्या शंका आल्या. मल्हार म्हणतो तेच खरं असेल तर? म्हाताऱ्याला जुनं तेवढंच चांगलं वाटतं. संगणकवर्गातली मुलं चिडून उठायची, हे खोटं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी तीच मुलं दार उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसायची. मल्हारच्या नोंदीत ती पायरी नसावी.

शाहीनच्या फोनवर जुना खेळ चालणार नव्हता, म्हणून त्यांनी एक छोटा पडदा आणि चार बटणं आणून पत्र्याच्या कंपासपेटीत बसवली. आत जुना 'काजवा' भरला, जसा होता तसा, आणि पेटी वर्षाताईंच्या हातात दिली.

"ह्याला पट्टी नाही?"

"नाही."

"अहो, हे मेलं थांबतच नाही! अहो, आलं, आलं... गेला माझा काजवा. आता?"

"पहिल्यापासून."

"दुष्ट आहात." पेटी टेबलावर ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. कढईत फोडणी तडतडली. तारळेकर पेटीकडे बघत बसले. घरच्या माणसाला नको असलेली वस्तू परक्याच्या पोरीला कशाला पाठवायची?

थोड्या वेळाने वर्षाताई पदराला हात पुसत आल्या. "द्या ते इकडे. तिसऱ्या दगडावरून उडी मारायची होती, माझंच चुकलं."

तारळेकरांनी कागद ओढला.

'पाटोळेबाई, उत्तराला फार उशीर झाला. श्वास घेतल्याने टेम्पो थांबत नाही, हे शाहीनला सांगा. पण नुसतं सांगून भागायचं नाही. तिचं अंग खोटं शिकलंय, ते अंगानेच विसरायला हवं. सोबतच्या पेटीतलं वटवाघूळ कुणासाठी थांबत नाही. काजवा मरेल. मरू द्या, फक्त तेव्हा तुम्ही तिच्या शेजारी बसा. ती रडेल, मला नावं ठेवेल, तेही चालेल. असा खेळ मुलाला देणं नियमात बसत नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.'

टपाल कचेरीत खिडकीपलीकडच्या मुलीने पाकीट हलवून पाहिलं. "आत काय आहे?"

"खेळ."

"सेल आहेत?"

"काढून वेगळे ठेवलेत."

तिने वजन केलं, शिक्का उचलला.

"थांबा, एक मिनिट," तारळेकर म्हणाले. "जरा परत द्या."

"काका, आटपा हो," मागून कुणीतरी ओरडलं. "घरून लिहून आणायचं ना!"

तारळेकर ओशाळले. तरी त्यांनी पाकीट उघडलं, खिडकीच्या कडेला कागद टेकवला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. पाकीट पुन्हा चिकटवून आत सरकवलं. मुलीने शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.

ओळ अशी होती: 'हरल्यावर तिने पेटी पुन्हा आपणहून हातात घेतली का, तेवढं मला कळवाल?'