तार न सांगता तुटते

"ओ मॅडम, तारेवरून पाय काढा! खेचली तर फरफटत जाल!"

विशाखा दचकून मागं सरली. अंबरनाथ पश्चिमेहून बदलापूरच्या माळावर ग्लायडर शिकायला आलेली ही पोरगी, आणि पहिल्याच दिवशी तिच्यावर खेकसणारा हा कोण लाटसाहेब? तो होता पालेगावचा सुदाम. माळाच्या पार त्या टोकाला ट्रकच्या जुन्या इंजिनाचं विंच होतं, ते तो चालवायचा. विंच तार गुंडाळायचं, तारेला अडकवलेलं ग्लायडर पतंगासारखं वर चढायचं आणि पुरेशी उंची आली की आत बसलेल्यानं खटका ओढून तार सोडून द्यायची. मग ना इंजिन, ना आवाज... नुसता वारा.

सत्त्याऐंशी सालचा तो ऑक्टोबर नुसता मळभाचा होता. दर उड्डाणानंतर सुदाम जीपमागे बांधून तार परत आणायचा, तेवढ्यातच काय ते बोलणं.

"आज कसं अलगद नेलंस रे वर!"

"तुमी बसल्यावर इंजिनपन लाजतंय," म्हणत तो तार अडकवायला वाकायचा. कान मात्र लाल! बाई गं, असं करता करता 'तुमी'चं 'तू' झालं, आणि जीव कधी जडला ते दोघांनाही कळलं नाही.

एक धाकधूक मात्र विशाखाला पोखरत होती. एकटीनं उडू देण्याआधी शिकवणारे भगवंत सर एकदा मुद्दाम, न सांगता, ऐन चढणीत विंच बंद करायला लावत. तार तुटली तर पोरं काय करतात ते बघायला. मागच्याच आठवड्यात एकजण गडबडला होता, त्याला सरांनी घरी पाठवलं.

"सुदाम, आज माझी पाळी आहे का? खरं सांग ना... माझी शपथ."

त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "नाय. तुझी शप्पत, आज नाय."

ती निर्धास्त बसली. मागच्या सीटवर सर. तार ताणली, ग्लायडरचं नाक आभाळाकडे वळलं... आणि मधेच ओढ गेली! तिनं दांडा पुढं रेटला, नाक खाली घेतलं, वेग येऊ दिला, खटका ओढला आणि समोरच्याच गवतावर ग्लायडर उतरवलं.

"शाब्बास," सर म्हणाले. "उद्या एकटी."

जीप आली तशी ती तरातरा तिकडे गेली. "खोटारड्या! माझी खोटी शपथ घेतलीस?"

"तार खरी तुटंल तवा सांगायला कोन येनार हाय?" त्यानं जीपमागची तार सोडवली. "तू तयारीत ऱ्हायली असती, तर उद्या एकटीला कशाच्या भरवशावर वर सोडू मी?"

राग कुठल्या कुठे पळाला. एवढा जीव लावणारा माणूस शोधून तरी सापडेल का?

दुसऱ्या दिवशी ती एकटी उडाली. खाली उल्हास नदी, लांबवर उल्हासनगरचा धूर, सगळं करडं, उदास. पण तिला मात्र तेही गोड वाटलं. उतरल्या उतरल्या तिनं सुदामला गाठलं.

"रविवारी घरी ये. बाबांशी मी बोलते. आमच्याकडे तुझी जात कुणी विचारणार नाही."

भुरभुर पाऊस लागला होता. सुदाम खाली बघत तार पुसू लागला.

"आमच्याकडे विचारली. माझ्या आयला तुझं आडनाव सांगितलं, तर बोलली, ह्या घरात नाय."

"मग तू काय म्हणालास?"

"...काय नाय."

"काहीच नाही?"

"तेवढा दम नाय माझ्यात, विशाखा. आज खोटं नाय बोलत. आधीच सांगून टाकतो, म्हंजे... मंग कमी लागंल तुला."

तिनं त्याच्या तेलकट हातांकडे बघितलं. याच हातांच्या भरवशावर ती आत्ता आभाळात जाऊन आली होती.

"आधी सांगितलंस, तरी तेवढंच लागलं रे," ती म्हणाली, आणि डोळे पुसत पुढच्या पोराच्या ग्लायडरचा पंख उडेपर्यंत तोलून धरायला गेली.