खिळ्याला बांधलेली वेणी

ही घडलेली गोष्ट आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खोटी म्हणू नका.

नागपूर. उमरेड रोडच्या आतली एक गल्ली. तारीख १८ मे २०२३.

रात्र नव्हती. दुपारचे सव्वादोन वाजले होते. नागपुरातली मे महिन्याची दुपार ज्यानं पाहिली आहे, त्याला वेगळं सांगायला नको. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

प्रणाली भिवापूरची. स्पर्धा परीक्षेत दोनदा आपटलेली. पुस्तक उघडलं की अर्ध्या तासात डोळे मिटायचे. म्हणून घर सोडून तिनं गच्चीवरची ही खोली भाड्यानं घेतली होती.

खुर्चीच्या मागच्या भिंतीत, डोक्याच्या जरा वर, एक जाड खिळा होता.

"आधीची पोरगी त्याले वेणी बांधून बसे," घरमालकीण तुळजाबाई हसत म्हणाल्या. "डुलकी आली का झटका! तू बी बांध वं. दोनदा नापास झाली म्हनतेस ना?"

"मंग ती पास झाली का, काकू?"

तुळजाबाई कूलरचं बटण दाखवू लागल्या.

प्रणालीची वेणी कमरेखाली होती. मिरचीचे देठ खुडून आईच्या हातांची आग व्हायची. ती खोबरेल चोळून हात गार करी, आणि तळव्यावर उरलेलं तेल लेकीच्या केसांत जिरवी. आगीतून गारवा काढून वाढवलेले केस होते ते.

तेच तिनं खिळ्याला बांधले.

पहिल्या दिवशी डुलकी आली, झटका बसला, जाग आली. छान.

पाचव्या दिवशी तिला झोप नव्हती. तिनं नुसता मोबाईल उचलला…

झटका बसला.

मग खिडकीतून बाहेर पाहिलं तरी झटका. आईचा फोन घ्यायला हात पुढे केला तरी झटका.

एका सकाळी तिच्या लक्षात आलं, आज आपण वेणी बांधलीच नाही. हात मागे नेला…

गाठ होती. ओली होती.

त्याच दिवशी ती पळून गेली असती. पण सराव परीक्षेत अठ्ठावन्नाचे एक्याण्णव झाले होते. भीती वाटत होती, आणि हावही सुटत नव्हती. ती बसून राहिली.

मग अठरा तारीख आली. तुळजाबाई लग्नाला कुहीला गेल्या होत्या. लाईन गेली. कूलर थांबला.

दारावर थाप पडली.

"प्रणाली… उघड वं माय. मी आलो."

तिचे बाबा, नत्थूजी. बसथांब्यापासून डबा घेऊन पायी आले होते.

ती उठली.

डोकं भिंतीवर आपटलं. वेणी ताठ झाली होती.

"झोपली का वं? लई ऊन हाय…"

तिनं ओरडायचा प्रयत्न केला. मान मागे खेचलेली, गळा ताणलेला. आवाज फुटेना.

समोरच्या पुस्तकाचं पान आपोआप उलटलं. वारा नव्हता.

बाहेर पत्र्याच्या दारावर थापा पडत राहिल्या. पाच मिनिटं. दहा. मग नुसतं खरवडणं…

"पाणी… दे वं जरा…"

नंतर काहीतरी जड जमिनीवर पडलं.

टेबलावर वर्तमानपत्राची कात्रणं कापायची कात्री होती. बोटं पोचली. तिनं मानेजवळ कात्री लावली. मागून कुणीतरी आणखी जोरानं ओढलं. आईनं वाढवलेले केस कचकच तुटत गेले, एकेक पेड, आणि शेवटचा पेड तुटताच ती तोंडावर पडली.

दार उघडलं तेव्हा बाबा उंबऱ्यापाशी आडवे होते. अंग तव्यासारखं. घाम नाही.

शेजारी धावले. चार दिवस दवाखान्यात काढून नत्थूजी वाचले.

पुस्तकं न्यायला ती परत गेली, तेव्हा खिळा रिकामा होता. खालीही एक केस नव्हता.

प्रणाली पास झाली. नोकरी लागली. सत्कारात पोरी विचारतात, "ताई, अभ्यासात मन कसं लावलं?" ती वेळापत्रक सांगते.

गेल्या महिन्यात कळलं, त्या खोलीत धनश्री नावाची पोरगी राहते. सांगायलाच हवं, म्हणून प्रणाली गेली. दार उघडंच होतं. धनश्री खुर्चीत वाचत बसली होती.

तिचे केस मानेपर्यंतच कापलेले होते.

प्रणालीला हायसं वाटलं. बांधायला काही नाही. ही वाचली.

"अभ्यास बरा होते का वं इथं?" तिनं विचारलं.

"लई छान होते, ताई. झोपच येत नाही." धनश्रीनं मान वळवली नाही. "या म्हटलं असतं. पण मले उठू देत नाही."

"कोण वं?"

धनश्रीचं डोकं खाडकन मागे गेलं. मग हळूच पुस्तकावर वाकलं. ती पुन्हा वाचू लागली.

"जाताना दार लावून घ्या, ताई."

प्रणालीनं दार लावलं.

का लावलं, हे तिला अजून सांगता येत नाही.