चार बोल्टांची सीट

त्याने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं असेल तर ते पाणी. गाडी तापून आमच्या वर्कशॉपच्या दारातच बंद पडली होती. वडिलांच्या काळातली, माझ्यापेक्षा वयाने मोठी गाडी. मी बादली आणली आणि बॉनेटला हात घातला.

"अहो, जड आहे ते—"

"एकोणीस किलो."

"नुसतं उचलून कळलं?"

"दिवसभर तेच तर करते."

मामाच्या वर्कशॉपमध्ये मी जुन्या गाड्यांचे फायबरचे भाग बनवते. पत्र्याचं बॉनेट काढायचं, त्याचा साचा घ्यायचा आणि हुबेहूब तसंच, पण हलकं बॉनेट बसवायचं. प्रत्येक तुकडा मी काट्यावर ठेवते, म्हणून मामा मला किलोबाई म्हणतो.

त्याला महिन्याभराने डोंगरावरच्या शर्यतीत उतरायचं होतं. गेल्या वर्षी तो स्वतःच्या दाजींकडून दीड सेकंदाने हरला होता. वर, 'यंदा हरलो तर गाडी तुमची,' असं भर जेवणात बोलून बसला होता. आता काय, शब्द तर तोंडून गेला!

"मग वजन उतरवा," मी म्हटलं.

"माझं?"

"तुमचं नंतर बघू."

त्यानंतर तो रोज संध्याकाळी यायला लागला. आधी बॉनेट, मग डिकीचं झाकण, मग दारं. काम माझं, पण काट्यावरचा आकडा वाचायला हा माझ्या खांद्यावरून वाकणार... आणि मी तोच आकडा दोनदा लिहिणार. मला तो आवडायला लागला होता, स्पष्टच सांगते. मामाला ते माझ्याआधी कळलं होतं.

शर्यतीला तीन दिवस उरले असताना मी घोळ घातला. जुन्या बॉनेटखालच्या स्प्रिंगा एकोणीस किलो उचलायला केलेल्या, आणि नवं बॉनेट जेमतेम सात किलोचं. त्या स्प्रिंगा आधी काढायच्या असतात. तो समोर उभा राहून हसत होता, आणि मी विसरले. बॉनेट दाबून बंद करायला गेले तर खालून स्प्रिंगांनी रेटलं आणि ते मधोमध तडकलं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. "नवीन करून देते. दोन दिवसांत."

"म्हणजे मला आणखी दोन दिवस यावं लागणार?"

"यायची काही गरज नाही."

"अरेच्चा! मग फुकटच तडकलं की ते."

हाताला लागलं ते फडकं मी त्याला फेकून मारलं.

शनिवारी दुपारी नवं बॉनेट बसलं. स्प्रिंगा काढल्या, बॉनेट धरून ठेवायला कोपऱ्यांत पिना लावल्या. एकूण एक्कावन्न किलो उतरले होते.

"आता शेजारची सीट काढा. अकरा किलो आहे."

"ती नाही."

"का? शर्यतीत कोण बसणार आहे तिथे?"

"शर्यतीत नाही... नंतर." तो पाना पुसत राहिला. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता. "तू बसशील?"

तू! माझे कान तापले.

"वेडा आहेस का?" मी ओरडलेच. "गाडीच दाजींकडे गेली तर बसू कुठे?"

त्याच्या हातातून पाना ओढून घेतला आणि चारही बोल्ट मीच काढले. "ही माझ्याकडे राहील. तू जिंकून ये."

रविवारी डोंगराच्या पायथ्याशी मी ती सीट मांडून तिच्यावरच बसले होते. येणारे-जाणारे हसत होते. हसू देत. दाजी आधी वर जाऊन आले होते. मग त्याची वेळ लाउडस्पीकरवर पुकारली. दाजींपेक्षा पाव सेकंद कमी! मामाने शिट्टी मारली. मी खिशातले चारही बोल्ट चाचपले.

तो खाली आला तेव्हा पाना माझ्या हातात तयार होता. एकेक करून चारही बोल्ट आवळले.

"सीट अकरा, मी चोपन्न," मी म्हटलं. "एवढा घाम गाळून उतरवलेलं सगळं परत चढतंय, वर तीन किलो जास्तच. चालेल?"

"चालेल. कायमचं चालेल."

मी आत बसले आणि ते हलकं दार जपून ओढून घेतलं.

"घरी सोड," मी म्हटलं, "पण लांबच्या रस्त्याने."