ओदिलियाच्या पातेल्यातलं विष

"अकरा जणांना उलट्या झाल्या, बेनिताताई. बारावी मी," ओदिलिया म्हणाली. "तरी गाव म्हणतं, म्हातारीनं विष कालवलं. उद्या संत सांतियागोचा उत्सव. चाळीस वर्षं रस्सा मीच रांधते. आज खरं कळलं नाही, तर माझं पातेलं कायमचं उपडं."

बेनिता सिंब्रोन पापांत्लाजवळच्या खेड्यांत खासगी तपास करायची. सोबत चुलतभाऊ फाउस्तो असायचा. त्याचा उपयोग काय, हे विचारणं तिनं सोडून दिलं होतं.

"सुनेनं केलं," फाउस्तो म्हणाला.

"आपण अजून बसलोसुद्धा नाही, फाउस्तो."

रस्सा होता पिन्योनच्या बियांचा. बाकीच्या जगात हा मोगली एरंड विषारी. इथला मात्र पिढ्यान् पिढ्या भाजून, वाटून खातात.

सून निकासिया आधीच वैतागलेली. "शनिवारी घरच्या कुंपणाच्या बियांचं सारण मक्याच्या पिठात भरून तामाल उकडले, खाणारे सगळे ठणठणीत. रविवारी बिया कमी पडल्या, म्हणून रस्सा गावातल्या रुफिनोकाकांनी दिलेल्या पोत्यातल्या बियांचा. साल तडकेपर्यंत भाजल्या. सासूबाई डोक्यावर उभ्या होत्या, कालवणार कशी?"

"उभी होते," ओदिलियानं कबूल केलं. "मिठात हात जड आहे तिचा, पण विष नाही घातलं."

"मग रुफिनोच्या बिया," बेनिता म्हणाली.

"त्या माझ्या आईच्याच झाडाच्या की," ओदिलिया म्हणाली. " त्याच्या बापानं फांद्या तोडून नेऊन रोवल्या. इथे कुंपण फांद्यांचंच. बी कुणी लावत नाही. सहा वर्षांपूर्वी बियांपासून गाड्यांचं इंधन काढणारे तेलवाले फुकट रोपं वाटायला आले, तेव्हा आम्ही हात लावला नाही. तेच म्हणाले, याच्या बिया खाऊ नका."

रुफिनोच्या फाटकाशी उन्मळून पडलेल्या झाडाला अडखळून फाउस्तो धाडकन आपटला.

"कुंपण बापाच्या हातचं," रुफिनो सांगत होता. "एकूण एक झाड. ते एक वाऱ्यानं पडलं."

"गाजरासारखं मूळ आहे त्याला," फाउस्तो कण्हला. "अंगठा सोलला माझा."

बेनितानं त्याच्याकडे पहिल्यांदाच कौतुकानं पाहिलं. "उचल ते झाड. आणि रुफिनो, तुम्हीही चला."

ओदिलियाच्या अंगणात उत्सवाची मंडळी जमली. बेनितानं तिच्या कुंपणातलं एक झाड उपटलं आणि दोन्ही शेजारी ठेवली.

"फांदी रोवली की अशी झुपकेदार मुळं फुटतात. खाली सरळ जाणारं सोटमूळ फक्त बीपासून वाढलेल्या झाडाला. इथे बी कुणी लावत नाही. मग रुफिनो, हे तुमच्या बापानं रोवलेलं नाही. हे तेलवाल्यांचं, बीपासून केलेलं रोप."

"मी म्हणतच होतो," फाउस्तो म्हणाला.

"तू सून म्हणत होतास."

रुफिनो खाली बसला. "वादळात कुंपणाला खिंडार पडलं होतं. फुकटची रोपं लावून बुजवलं. वाटलं, भाजलं की विष जातं. आपण नेहमी भाजतोच."

"चवीसाठी भाजतो. हे विष तव्याला दाद देत नाही. आणि पहिल्या उलटीला कळलं, तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा... म्हातारीवर आलंच होतं नाव."

मंडळींचा मुख्य खाकरला. "ओदिलियामावशी, उद्या तुम्हीच रांधा."

"कशाचं रांधू? बिया कुठे आहेत?" ओदिलियानं रिकामं पोतं रुफिनोच्या मांडीवर फेकलं. "ऊठ. घरोघर जाऊन माग. आणि प्रत्येक दारात, का मागतोयस तेही सांग. मोठ्यानं. पलीकडची फ्लोरा बहिरी आहे."