वरची मूठ

अंपारोच्या दोन्ही हातांत मोलेच्या रश्श्याचं पातेलं होतं. नाहीतर तिला अटक करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

कुका मावशीने नेमकं तेच हेरलं. आज ती जत्रेतली लुटुपुटूची पोलीस: छातीवर पुठ्ठ्याचा तारा, तोंडात शिट्टी. मागून आली, पातेलं फुलवाल्या तेन्चाच्या हाती दिलं आणि अंपारोचं मनगट धरून तिला तुरुंगात ढकललं. तुरुंग म्हणजे चार बांबू, त्यांना गुंडाळलेला गुलाबी कागद आणि आत एक बाक. शेतकरी-बाजारावर पत्रा घालायचा म्हणून गावाने केर्मेस भरवली होती. अशा जत्रेत मक्याचे तमाल विकून जमतं त्याहून जास्त, पैसे भरून शेजाऱ्याला तुरुंगात घालणाऱ्यांकडून जमतं. माणसाचा स्वभाव, दुसरं काय!

"अगं मावशी, रस्सा गार होतोय! गुन्हा तरी काय माझा?"

"फरार होणं!" कुका मावशी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली. "उद्या सकाळच्या बसने पळून चाललीय ही! पुएब्लाला, बहिणीच्या खानावळीत. कायमची!"

बाकावर आधीच एक कैदी होता. टोमॅटो आणि भोपळ्याची फुलं विकणारा फेर्मिन, कुका मावशीचा सख्खा भाचा. 'कायमची' ऐकताच त्याच्या गुडघ्यावरची टोपी खाली पडली. ती त्याने उचलली नाही.

अंपारोने साऱ्या बाजाराला सांगितलं होतं, फेर्मिनला तेवढं सांगायचं राहिलं होतं. टोमॅटोवाल्याला कुणी आपला प्रवास सांगत बसतं का, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. खरी भीती वेगळीच होती. आपण सांगावं, आणि तो नुसता "बरं" म्हणाला तर…?

तसा हिशेब चोख होता. पावसाळ्यात बाजारातल्या तिच्या ताडपत्रीखाली चूल धरत नाही, भिजत जेवायला कुणी येत नाही. पत्रा बसेल तेव्हा बसेल. तिकडे बहीण बोलावत होती. इकडे "राहा" म्हणणारं कुणी निघालं नाही, आणि ती काही मागून घ्यायची गोष्ट नव्हे.

"तुम्हाला कधी धरलं?" तिने विचारलं.

"सकाळी."

"मग अजून सुटला नाहीत?"

बाहेर तेन्चा खिदळली. "अगं, दंड दहा पेसो आहे! हा इथे म्हातारा होईल, पण खिशात हात घालणार नाही. म्हणून तर धरलाय. कवडीचुंबक मेला! एकदा माझ्या तागडीतून टोमॅटो परत काढला होता यानं. एक टोमॅटो!"

"काहीतरीच काय," अंपारो म्हणाली. "दर रविवारी माझ्या पिशवीत किती घालतात वर! कधी एपासोतेची जुडी, कधी मूठभर फुलं… मागच्या खेपेला तर अख्खं कणीस. तुम्हालाही पिलोन देत असतीलच की."

पिलोन म्हणजे तोलून झाल्यावर वर घातलेली मूठ. ज्याच्याकडे ती मिळते त्याच्याकडे माणूस पुन्हा जातो.

बाहेरचं हसू थांबलं. कुका मावशीच्या तोंडातली शिट्टी गळून पडली.

"वर?… हा?… तुला?"

"सगळ्यांनाच देतात ना…" बोलता बोलताच अंपारोचा आवाज बारीक झाला.

"पोरी, मी याची सख्खी मावशी. मलासुद्धा तोलून देतो, आणि काट्याकडे बघत राहतो."

फेर्मिनचे कान त्याच्याच मालासारखे लाल झाले. तो उठला. त्याने खिशात हात घातला, तेव्हा मैदानात शिट्ट्या वाजल्या. "हा हिचा दंड."

"आणि तुझा रे?"

"मी बसतो अजून."

अंपारो सुटली, पण तिची पळी चुकीच्या ताटांत पडू लागली. भाजलेल्या मिरचीचा वास, कातरलेल्या रंगीत कागदांची फडफड, आणि तिच्या डोक्यात एक जुनाच हिशेब. एवढी हिशेबाची पक्की बाई, पण वर्षभराची ही जमा तिने कधी मांडलीच नव्हती! आणि आज या माणसाने खिशात हात घातला तो कशासाठी? मी लवकर जावं म्हणून?

तिने एक ताट भरलं आणि तडक तुरुंगाशी गेली.

"कैद्याचं जेवण."

"किती झाले?"

"ते राहू द्या. मला का सोडवलंत?"

त्याने तोर्तियाचा तुकडा रश्श्यात बुडवला, तसाच धरून ठेवला. "धरून ठेवलेलं माणूस… राहिलं, असं होत नाही."

"आणि ते वरचं? वर्षभर?"

"तोललेलं तुमचंच असतं. त्याचे पैसे दिलेले असतात." तो ताटाकडे बघत म्हणाला. "माझ्या हातचं द्यायला तेवढंच उरायचं."

वारा पडला होता. डोंगरामागे ढग जमू लागले होते.

"पुढच्या रविवारी मी नसेन. मग ते कुणाला घालाल?"

"कुणालाच नाही."

"वाया जाईल."

"जाईल."

आणखी एक प्रश्न तिच्या ओठांवर आला… आणि तिने तो गिळला. इतकी वर्षं बाजारात काढलेल्या बाईला ठाऊक होतं – मागून घेतलेली मूठ भावातच जमा होते, ती वरची नव्हे. ती ताटाची कड धरून उभी राहिली.

"जाऊ नकोस," फेर्मिन म्हणाला.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, त्याचं त्यालाही कळलं नसावं. आणि एकदा मूठ उघडल्यावर ती लगेच मिटेना. "माझ्या ट्रकला नवं छत आहे. त्याच्या आडोशाला चूल मांड. पत्रा येईपर्यंत… आल्यावरही."

"एवढं सगळं वर?"

"वर."

अंपारोने पदराला पुसावेत तसे हात एप्रनला पुसले, खिशातून नाणं काढलं आणि कुका मावशीच्या डब्यात टाकलं.

"मावशी, मला अटक कर."

"आत्ता तर सुटलीस! तक्रार कुणाची?"

"माझीच."

"आणि गुन्हा?"

अंपारो कागदी दारातून वाकून आत शिरली. "पळून न जाणं."

शिट्टी इतक्या जोरात वाजली की तेन्चाची फुलं सांडली. फेर्मिनने बाकावर सरकून जागा केली – अगदी मोजून, एका माणसापुरतीही नाही. तेवढ्यापुरता मात्र त्याने चिक्कूपणा केला, आणि अंपारोने त्याची तक्रार केली नाही.