सुधारणावाल्याचा घसा

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याचा घसा सुजला होता आणि डॉक्टरीणबाईंचा पारा चढला होता. नव्या आरोग्य योजनेने प्रत्येकाला एकेक दवाखाना नेमून दिला होता, आणि तिच्या बाकावर अर्धं शहर खोकत बसलं होतं.

"आ करा," असं म्हणत तिने टॉर्च घशावर रोखला आणि राग योजनेवर. "ही ज्याने लिहिलीय ना, त्याला माझ्या खुर्चीत बसवा एकदा! माझ्या बाबांचा वर्षानुवर्षांचा डॉक्टर बदलला. नव्याला ते 'मी ठणठणीत' एवढंच सांगतात. छातीत दुखलं तरी! पटतंय ना?"

"आऽऽ," तो म्हणाला.

जीभ सुटल्यावर हळूच म्हणाला, "योजना... मी लिहिलीय."

ती कानापर्यंत लाल झाली. "मग चार दिवस बोलू नका. घशासाठी सांगतेय."

पाचव्या दिवशी तो बोलायलाच आला. "बाहेरच्या आजी म्हणतात, जन्मात पहिल्यांदा डॉक्टरकडे आल्या. आधी परवडतच नव्हतं."

खरंच होतं ते. "आणि माझे बाबा?"

"तिथे मी चुकलो."

योजना लिहिणाऱ्या समितीवरचा माणूस असं बोलतो, हे तिला कुठल्याच पुस्तकात शिकवलं नव्हतं.

मग कधी पाठ, कधी खोकला, एकदा तर नुसती जांभई घेऊन तो येत राहिला. भांडण मिटत नव्हतं. मिटू नये असं तिला वाटू लागलं... लक्षण ओळखीचं होतं, औषध नव्हतं. मधल्या काळात त्याने नियम बदलून घेतला: योग्य कारण असेल तर डॉक्टर बदलता येईल. बाबा जुन्या डॉक्टरांकडे परतले आणि छातीबद्दल तासभर बोलले.

एके दुपारी तो म्हणाला, "मलाही डॉक्टर बदलून हवाय."

तिच्या हातातला टॉर्च उगाचच चालू-बंद झाला. "कंटाळलात?"

"नाही हो."

"मग कारण सांगा. तुमचाच नियम आहे."

"डॉक्टरने घरच्या माणसावर उपचार करू नयेत — हाही माझाच."

"तुम्ही कुठे घरचे आहात?"

"नाही अजून... म्हणूनच विचारतोय."

बाहेर कुणीतरी खोकलं. तिने टॉर्च पुन्हा चालू केला.

"आ करा."

"घसा बरा आहे माझा."

"माहितेय. तुम्ही बोलायला लागलात की मला सुचत नाही काही."

त्याने निमूट आ केला. त्या संपूर्ण निरोगी घशात डोकावत ती म्हणाली, "हो."

"आऽऽ?"

"हो म्हटलं ना! मिटा आता तोंड."